दुःखात आणि शंकेत ख्रिस्ती विश्वास कसा जपावा

घरातले माणूस आजारी पडते, चर्चची मंडळी त्याच्यासाठी रात्र रात्र प्रार्थना करते, उपवास होतात, पाळकसाहेब येऊन डोक्यावर हात ठेवून जातात, आणि तरीही ते माणूस जाते. त्यानंतरच्या रविवारी उपासनेला बसलेल्या मुलाच्या किंवा पत्नीच्या मनात जे प्रश्न उठतात ते बहुधा कोणाच्याच कानावर जात नाहीत, कारण शंका घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे संडे स्कूलपासून त्यांच्या मनावर बिंबलेले असते. ओठांवर गीत असते आणि आत मात्र देवाशी अबोला धरलेला असतो. हा लेख अशा माणसांसाठी आहे, मग ती अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) किंवा जालन्याच्या प्रॉटेस्टंट मंडळीतली असोत, वसईच्या कॅथलिक धर्मग्रामातली असोत, की नोकरीनिमित्त दूर गेलेली आणि आता कोणत्याच चर्चमध्ये न रुळलेली असोत.

दुःख का येते याचे उत्तर मी येथे देणार नाही. पवित्र शास्त्रातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबालाही ते मिळाले नाही, आणि जे त्याला मिळाले नाही ते दोन-चार पानांत देऊ पाहणे हा दुःखी माणसाचा अपमान ठरेल. मला सांगायचे आहे ते इतकेच की दुःखाच्या काळात विश्वास टिकतो तो देवाशी चाललेले बोलणे तुटू न दिल्यामुळे. ते बोलणे रागाचे असेल, रडण्याचे असेल, किंवा शब्दच नसलेले असेल, तरी चालते. ते बोलणे चालू कसे ठेवावे याची काही रीत आहे, ती शिकता येते आणि ती शास्त्रातच दिलेली आहे.

शंका कोठून आली ते आधी पाहा

सगळ्या शंका एका जातीच्या नसतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लावला तर त्रास वाढतो. म्हणून पहिले काम असे की शांत बसून स्वतःला विचारावे: माझा देवावरचा भरवसा डळमळला तो नेमका कधीपासून? एखाद्या मृत्यूनंतर, आजाराच्या निदानानंतर किंवा नोकरी गेल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर ती शोकातून आलेली शंका आहे आणि तिला वादाची पुस्तके वाचून उतार पडत नाही; तिला रडण्याची जागा लागते. कॉलेजात विज्ञान शिकताना, किंवा शास्त्रातले युद्धांचे आणि संहाराचे अध्याय वाचताना ती आली असेल, तर ती बुद्धीची शंका आहे, आणि तिला ‘फक्त विश्वास ठेव’ हे उत्तर देणे अन्यायाचे आहे. चर्चमधल्या भांडणांमुळे, मालमत्तेच्या कोर्टकज्ज्यांमुळे किंवा ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच सेवकाने केलेल्या दुखापतीमुळे ती आली असेल, तर मुळात दुखावले आहे ते माणसांवरचे मन. देवावरचा विश्वास त्यात भरडला गेला आहे.

चौथा प्रकार आपल्या मंडळ्यांत फारसा ओळखला जात नाही. कित्येक वेळा शंका आणि निराशा शरीरातून येते. एलीया संदेष्ट्याची गोष्ट १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर बाल या दैवताच्या संदेष्ट्यांसमोर ठाम उभा राहिलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि माझा जीव घे असे देवाला म्हणतो. येथे देव त्याला धमकावत नाही, प्रवचनही करत नाही. दूत येतो, त्याला उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे. देवाचे बोलणे होरेब डोंगरावर होते, पण ते नंतर. ज्याची अनेक आठवडे झोप उडाली आहे, ज्याने रुग्णालयाच्या बाकावर महिना काढला आहे, त्याने विश्वासाचा हिशेब मांडण्याआधी पोटभर जेवावे आणि एक रात्र दुसऱ्या कोणाला रुग्णाजवळ बसवून स्वतः झोपावे.

विश्रांतीनंतरही आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. ‘विश्वास असेल तर गोळ्या सोड’ असे कोणी कितीही अधिकाराने सांगितले तरी ते ऐकू नये. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख प्रिय वैद्य असाच करतो. याकोबाचे पत्र आजाऱ्यासाठी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगते, औषध टाकून द्यायला सांगत नाही. आरोग्यदानाच्या सभांमधून परतलेल्या आजाऱ्यांना आपला विश्वासच अपुरा पडला असे वाटू लागते, आणि आजाराच्या ओझ्यावर अपराधाचे दुसरे ओझे चढते. पौलाने आपल्या शरीरातला काटा (आपल्या पीडेला तो असे म्हणतो) देवाने काढावा म्हणून तीनदा विनंती केली, तो काटा राहिलाच, आणि पौलाचा विश्वास कमी होता असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

तक्रार देवापुढेच मांडा

या लेखात एवढी एकच गोष्ट वाचकाने घेतली तरी मला पुरे वाटेल, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. म्हणजे देवाच्या लोकांनी जे प्रार्थनेचे पुस्तक शतकानुशतके हातात धरले, त्यातला एवढा मोठा भाग तक्रारीचा, विनवणीचा आणि रडण्याचा आहे. आपल्या उपासनेत मात्र स्तुतीची स्तोत्रे वाचली जातात आणि विलापाची वगळली जातात. लोक मग समजतात की देवाशी असे बोलणे पाप आहे.

१३ वे स्तोत्र काढा. ते फक्त सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत कवी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: कोठवर? तू मला कोठवर विसरणार, आपले मुख कोठवर लपवणार, मी हे दुःख अंतःकरणात कोठवर वागवू? पुढच्या दोन वचनांत तो मागणे मागतो, आणि तेही नेमके: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड येऊ दे, नाहीतर मी मरेन आणि शत्रू हसेल. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. परिस्थिती बदलली असे स्तोत्रात कोठेही म्हटलेले नाही. तक्रार, मागणे आणि भरवसा ही तिन्ही एकाच तोंडातून, एकाच दिवशी निघतात.

आता हीच रीत आपल्या दुःखाला लावून पाहा. एक वही घ्या, दार लावून घ्या, आणि देवाला उद्देशून लिहा. भाषा प्रार्थनासभेतली नको, घरातली असू द्या. नमुना म्हणून एक देतो, एखाद्या मुलाने आईसाठी लिहावा तसा:

‘प्रभो, आठवड्यातून तीनदा मी आईला डायलिसिसला नेतो. जाताना रिक्षात ती माझा हात धरून बसते आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलतो. तू मात्र गप्प आहेस. तू आंधळ्यांना दृष्टी दिलीस हे मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि हे सगळे ऐकवणारी तीच होती. तिच्याकडे तू का पाहत नाहीस? मला तुझा राग आला आहे. निदान आज रात्री तिला झोप लागू दे, आणि पुढच्या महिन्याच्या पैशांची वाट दाखव. तू चांगला आहेस असे आई अजूनही म्हणते. मला आज यापुढचे म्हणता येत नाही. आमेन.’

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. दुःख मोघम नाही, रिक्षा आणि हात आणि पैसे असे त्याचे तपशील आहेत. मागणे आजच्या रात्रीपुरते आहे, कारण थकलेल्या माणसाला वर्षभराचे मागणे पेलत नाही. आणि जे म्हणता येत नाही ते ओढूनताणून म्हटलेले नाही. भरवशाचे वाक्य आज आईच्या तोंडचे उसने घेतले आहे, आणि तसे घ्यायला हरकत नाही. अशी प्रार्थना रोज लिहिण्याची सक्ती करू नका. मन भरून येईल तेव्हा लिहा, तारीख घाला आणि वही जपून ठेवा.

भरवशाचे एक वाक्यही निघत नसेल तर ८८ वे स्तोत्र वाचा. इतर विलाप कोठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. त्याची अखेर अंधारातच होते. ज्यांनी शास्त्राचा संग्रह केला त्यांनी हे स्तोत्र गाळले नाही, त्याला शेवटी आशेचे वचनही जोडले नाही, आणि मला ही फार मोठी दया वाटते. ज्याची प्रार्थना अंधारात संपते त्याचीही प्रार्थना, प्रार्थना म्हणूनच धरली गेली आहे.

या सगळ्याचे मूळ वधस्तंभाजवळ आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन आपण प्रभूचे सात उद्गार ऐकतो. त्यांतला चौथा उद्गार, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा २२ व्या स्तोत्राचा आरंभ आहे. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्यानेही आपल्या यातनेत नवे शब्द शोधले नाहीत; लहानपणापासून येत असलेल्या विलापस्तोत्राचे शब्द त्याच्या तोंडी आले. त्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले होते आणि प्याला टळला नव्हता. अनुत्तरित प्रार्थना घेऊन जगणाऱ्या माणसाला ख्रिस्ती धर्मात लाज वाटण्याचे कारण उरत नाही, ते यामुळे.

कारण सांगणाऱ्यांपासून मन जपा

दुःखाच्या घरी कारणे सांगणारे फार येतात. एखाद्या आईला मूल गमावल्यावर ‘देवाला तो जास्त आवडला’ असे सांगितले जाते. एखाद्याला ‘तुमच्या घरात काही कबूल न केलेले पाप असेल, शोधा’ असे सांगितले जाते. ज्यांचे नातेवाईक इतर धर्मांत आहेत त्यांना ‘आपले दैवत सोडलेत म्हणून हे झाले’ हेही ऐकावे लागते. बोलणारे वेगळे, पण प्रत्येक वेळी विचार तोच असतो: दुःख आले म्हणजे कोणीतरी दोषी असलाच पाहिजे.

येशूने हा विचार दोनदा स्पष्ट नाकारला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. आणि त्याने सांगितले की यानेही नाही व याच्या आईबापांनीही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतर सर्वांहून अधिक पापी होती असे समजू नका, असेही त्याने बजावले. ही दोन वचने, योहान ९ आणि लूक १३, अर्थासकट पाठ करून ठेवावीत. कारण दोषाचा विचार बाहेरून आला नाही तरी रात्री तीन वाजता आपल्याच मनातून येतो.

रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातले, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात हे वचन खरे आहे, आणि ते दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर ठेवण्यासाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पौलाने स्वतःच्या छळाच्या आयुष्यातून लिहिले आहे. दुःखी माणूस काही काळाने स्वतःच त्याच्यापर्यंत पोहोचला तर त्याला त्याचा आधार होईल. अंत्यविधीच्या दिवशी दुसऱ्याने ऐकवले तर ते त्याला गप्प बसवण्यासारखे होते. त्याच अध्यायात जरा आधी असे आहे की काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा अवाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. पहिल्या आठवड्यांत वाचायचे ते हे.

बुद्धीच्या प्रश्नांना वेळ द्या

आपल्या मातीत या बाबतीत पंडिता रमाबाईंएवढे ठळक उदाहरण दुसरे नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत पती पटकीने गेले आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मन शांत झाले आणि प्रश्न संपले, असे झाले नाही. ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान तुकवायला त्यांनी नकार दिला. पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला, पण स्वतः ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी.

या आठ वर्षांत रमाबाई काय करत होत्या हे मला महत्त्वाचे वाटते. त्या वाचत होत्या, प्रश्न लेखी मांडत होत्या, विरुद्ध मताच्या माणसांशी संबंध तोडत नव्हत्या, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून विधवांना शिकवत होत्या. प्रश्न सुटेपर्यंत त्यांनी जगणे आणि सेवा थांबवली नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूच्या काही महिने आधी. तेव्हा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम अखेरच्या टप्प्यात होते.

त्यांच्याकडून घेण्यासारखी रीत अशी आहे. आपली शंका एका स्पष्ट प्रश्नात लिहून काढा. ‘मला काहीच पटत नाही’ हा प्रश्न नाही. ‘कनानी लोकांच्या संहाराची आज्ञा देणारा देव आणि शत्रूंवर प्रीती करा म्हणणारा येशू यांचा मेळ कसा घालावा?’ हा प्रश्न आहे, आणि त्यावर मन लावून वाचता येते. मग तो प्रश्न विश्वासाच्या गाभ्याचा आहे की कडेचा, हे पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल सगळा भार ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर टाकतो. ते झाले नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, असे तो मोकळेपणाने म्हणतो. पृथ्वीचे वय किती किंवा योना माशाच्या पोटात नेमका कसा राहिला, यावर त्याने तो भार टाकलेला नाही. कडेच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे थांबता येते. गाभ्याच्या प्रश्नासाठी शुभवर्तमानांतले पुनरुत्थानाचे शेवटचे अध्याय सावकाश वाचावेत आणि एखाद्या अभ्यासू पाळकाबरोबर किंवा फादरांबरोबर बसावे. जो माणूस प्रश्न ऐकताच रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला आपण संशयी म्हणून नावे ठेवतो, पण तो नेमका कोठे होता हे पाहत नाही. पहिल्या रविवारी तो शिष्यांबरोबर नव्हता; इतरांची साक्ष त्याला पटली नाही; आणि तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्याच खोलीत, त्यांच्याबरोबर होता. न पटणारा माणूस आठवडाभर पटलेल्या माणसांत राहिला, आणि त्यांनी त्याला राहू दिले. यहूदाच्या छोट्या पत्रात तर संशयात असणाऱ्यांवर दया करा असे सरळ सांगितले आहे.

प्रार्थना सुचत नाही तेव्हा

काही काळ असा येतो की तक्रारही उरत नाही. सगळे कोरडे होते. मदर तेरेसांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीवच नव्हती. या काळात त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि मग कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांना उचलत होत्या. भावना नसणे आणि विश्वास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्याने मला जितके पटले तितके कोणत्याही प्रवचनाने पटले नाही.

अशा वेळी उसन्या शब्दांचा आधार घ्यावा. प्रभूची प्रार्थना सकाळी आणि रात्री म्हणावी, मन लागो अथवा न लागो. कॅथलिक घरांत रोझरी आहे. मणी बोटांत असले की शब्द आपोआप चालतात आणि थकलेल्या मनाला काही रचावे लागत नाही. प्रॉटेस्टंट घरांत गीतांचे पुस्तक आहे. रेव्हरंड टिळकांची भजने आपल्या आजीला पाठ होती, तीच काढावीत, आणि गाता येत नसेल तर नुसती वाचावीत. रुग्णालयात, यंत्राला जोडलेल्या अवस्थेत चार चार तास काढणाऱ्यांसाठी सर्वांत लहान प्रार्थना बरी: श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. नर्स आली, सुई टोचली, शेजारच्या खाटेवर कोणी ओरडले, तरी ती मोडत नाही, कारण पुढच्या श्वासाला ती पुन्हा धरता येते. मार्काच्या ९ व्या अध्यायातल्या बापाची प्रार्थनाही अशीच पाठ असावी: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्या बापाला येशूने परत पाठवले नाही, त्याच्या मुलाला बरे केले.

मंडळीचा हात धरून

एकट्याने विश्वास धरून ठेवण्याची अपेक्षा शास्त्रात कोठेच नाही. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. बाजेवर पडलेल्याच्या विश्वासाबद्दल वेगळे काही लिहीत नाही. म्हणून ज्या रविवारी विश्वासांगीकार (उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली) म्हणवत नाही त्या रविवारी गप्प उभे राहा आणि शेजाऱ्यांना म्हणू द्या. मागच्या बाकावर बसा, शेवटच्या आशीर्वादाआधी निघा, कोणाशी बोलायचे नसेल तर बोलू नका. पण जात राहा. प्रभुभोजन किंवा मिस्सा टाळण्याआधी पाळकांशी किंवा फादरांशी एकदा मोकळे बोला, कारण संशयी मनाने तेथे जाऊ नये ही भीती बहुतेक वेळा आपणच घातलेली असते. प्रभूने पहिले भोजन ज्यांना दिले ते त्याच रात्री पळून गेले होते.

चर्चमध्येच दुखापत झाली असेल तर मात्र हा सल्ला मी तसाच देणार नाही. ज्याने छळ केला त्याच्याच हाताखाली बसून विश्वास टिकवा, असे कोणावरही लादता कामा नये. दुसऱ्या मंडळीत जा, किंवा काही काळ दोन-तीन विश्वासू माणसांच्या घरी प्रार्थनेला बसा. आणि गुन्हा घडला असेल तर पोलिसांकडे जाणे हे मंडळीची बदनामी करणे नव्हे.

भेटायला जाणाऱ्यांनी ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. ते आले, जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. बोलू लागले आणि देवाचे वकील झाले, आणि शेवटी देवानेच सांगितले की माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही. तेव्हा डबा घेऊन जा, बसा, मुलांच्या शाळेच्या फीची चौकशी करा. तिसऱ्या दिवसाच्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला घर भरते आणि नंतर ओस पडते. तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा, पहिल्या नाताळाला जा, आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोला.

घरातल्या मुलांना काय सांगावे

‘देवाने बाबांना नेले’ हे वाक्य मोठ्यांना सवयीचे असते. मुलाच्या मनात मात्र त्यातून बाबांना हिरावून नेणारा देव उभा राहतो, आणि तो उद्या आईलाही नेईल अशी भीती बसते. त्याऐवजी काय झाले ते खरे आणि थोडक्यात सांगावे: बाबांचे हृदय फार आजारी होते, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ते वाचले नाहीत. मग योहानाच्या ११ व्या अध्यायातली लाजराची गोष्ट सांगावी. त्यात मार्था आणि मरीया दोघीही प्रभूला तोंडावर म्हणतात की तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. प्रभू त्यांना रागावत नाही. आणि थोड्याच वेळात जो लाजराला कबरेतून उठवणार आहे तोच कबरेपाशी जाताना रडतो. मुलाला हे कळते. देव आपल्याबरोबर रडतो आणि बाबा त्याच्याजवळ सुरक्षित आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायला मुलांना मोठ्यांइतकी अडचण पडत नाही.

मूल विचारेल, ‘आपण एवढी प्रार्थना केली, मग देवाने ऐकली का नाही?’ उत्तर ठाऊक नसेल तर घडवू नये. ‘मलाही ठाऊक नाही, मीसुद्धा त्याला हेच विचारते’ असे सांगावे, आणि त्या रात्री अंथरुणावर बसून प्रार्थना करताना तो प्रश्न मुलालाच, त्याच्या शब्दांत, मोठ्याने विचारू द्यावा.